संसदेनं लिहिलेलं आपलं मृत्युपत्र

1887 साली पुण्यात जोतीराव फुले यांनी मृत्युपत्र केलं आणि ते सरकारदरबारी नोंदवलं. कंत्राटदारीत मिळवलेला पैसा तोवर बराचसा सार्वजनिक कामांत गेला होता. डोळे दिपावेत अशी इस्टेट मागे राहणार नव्हती. तरीही कागद करणं त्यांना गरजेचं वाटलं. एका विधवेच्या पोटी जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला होता आणि भाऊबंदांना तो वारस म्हणून पसंत नव्हता. पत्नी सावित्रीबाईंच्या हक्कालाही त्या काळच्या हिंदू कायद्यात फारसा टेकू नव्हता. 1890 च्या नोव्हेंबरात जोतीराव गेले, तेव्हा अंत्ययात्रेत वारसाच्या हाती असणारं टिटवं कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी वाद घातला आणि अखेर ते सावित्रीबाईंनी हाती घेतलं, असं त्यांची चरित्रं सांगतात. त्या कागदाची गरज किती खरी होती, हे तेवढ्यावरून कळतं. मृत्युपत्र ही श्रीमंतांची चैन आहे, असा आपल्याकडे पक्का समज आहे. ज्यांचं खरं कुटुंब आणि कायद्याला अपेक्षित असलेलं कुटुंब एकमेकांशी जुळत नाही, त्यांना मृत्युपत्र लागतं, असं मला वाटतं. आणि नीट पाहिलं तर असं न जुळणारं कुटुंब बहुतेक प्रत्येक घरात सापडतं.

'आम्ही काही मृत्युपत्र वगैरे केलेलं नाही' हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. मृत्युपत्र न केलेल्या जवळजवळ प्रत्येक हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख माणसाचं मृत्युपत्र संसदेनं 1956 सालीच लिहून ठेवलं आहे. त्याचं नाव हिंदू उत्तराधिकार कायदा. मुस्लिमांसाठी त्यांचा व्यक्तिगत कायदा आहे, ख्रिस्ती आणि पारशी समाजांसाठी 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा. म्हणजे निर्णय व्हायचा राहत नाही. तो झालेला असतो. फक्त आपण तो वाचलेला नसतो. कुणी वाचून म्हणालं की माझ्या घराला हेच योग्य आहे, तर हरकत काहीच नाही. अडचण अशी की तो मजकूर वाचल्यावर फार थोडी माणसं त्याखाली सही करतील.

साधं उदाहरण घेऊ. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, त्याच्या कमाईतून घेतलेला पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि वृद्ध आई. कायद्यानं हे पाचही पहिल्या वर्गातले वारस, सगळ्यांचा हिस्सा सारखा. तीस वर्षं ज्या घरात संसार केला, त्या घरात पत्नीचा हक्क एक पंचमांश. सासूबाई पुढे वारल्या की त्यांचा पाचवा हिस्सा त्यांच्या वारसांकडे, म्हणजे दीर आणि नणंदांकडेही जातो. पूर्वी या कायद्यात कलम 23 होतं. घरातले पुरुष वाटणी मागेपर्यंत स्त्री-वारसांना राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. मुलींवर अन्याय करणारं ते कलम 2005 साली गेलं, ते योग्यच झालं; पण आता कोणताही वारस राहत्या घराच्या वाटपाचा दावा लावू शकतो, आणि त्या दाव्याची सर्वांत मोठी झळ त्या घरात राहणाऱ्या विधवेलाच बसते. दुसरी गोष्ट वडिलांची. अविवाहित मुलगा अकाली गेला तर सगळं आईला. वडील दुसऱ्या वर्गात, त्यांना शून्य. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढलेल्या बापाला हे बँकेच्या काउंटरवर पहिल्यांदा कळतं. जाता जाता एक गैरसमजही सांगायला हवा. आजोबांनी स्वतःच्या पैशानं घेतलेल्या फ्लॅटमध्ये नातवाचा 'जन्मसिद्ध' हक्क नसतो. 'वडिलोपार्जित' हा शब्द आपण वडिलांकडून आलेल्या कुठल्याही वस्तूला लावतो. कायदा तो इतका सैल वापरत नाही.

सर्वांत अन्यायाचा भाग मात्र बाईच्या मिळकतीचा आहे. पुरुषाची मिळकत त्याच्या रक्ताच्या माणसांकडे जाते. बाईची, तिला मूल आणि नवरा नसेल तर, कलम 15 प्रमाणे आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते आणि तिचे आईवडील त्यानंतर येतात. आईवडिलांकडून वारशानं आलेल्या मिळकतीला याला अपवाद आहे. तिच्या स्वतःच्या कमाईला नाही. सर्वोच्च न्यायालयात 2009 साली निकाली निघालेलं एक प्रकरण या कलमाचा अर्थ जितका उघडा करतं तितका कुठल्याही टीकाकारानं केलेला नाही. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा सर्पदंशानं गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, आयुष्यभर कमावलं आणि 1996 साली मृत्युपत्र न करता वारली. बँकेतली रक्कम आणि भविष्य निर्वाह निधी तिच्या आईनं मागितला. मिळाला नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. कायद्याचे शब्द स्पष्ट असताना सहानुभूतीच्या जोरावर निकाल देता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती, आणि कायदा म्हणून ती चूक नव्हती. चूक कायद्यात आहे. या कलमाला आव्हान देणाऱ्या याचिकेच्या निमित्तानं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2025 मध्ये स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, मृत्युपत्र करण्याचं जाहीर आवाहन केलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला 'कायदा बदलेपर्यंत तुम्हीच कागद करा' असं सुचवावं लागतं, यातच सगळं आलं. तरीही मराठी मध्यमवर्गात मृत्युपत्राचा विषय निघतो तो 'यांचं' मृत्युपत्र म्हणून. नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या नावावर घर, दागिने आणि ठेवी असणाऱ्या बाईनं स्वतंत्र मृत्युपत्र करायचं असतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

यावर लगेच उत्तर येतं: आम्ही सगळीकडे नॉमिनी लावले आहेत. या समजानं जितकी घरं कोर्टात गेली तितकी क्वचितच दुसऱ्या कशानं गेली असतील. नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा माणूस. मालक वेगळा असू शकतो. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं हे 1980 च्या दशकातच सांगितलं होतं. शेअरच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी 2010 साली नॉमिनीच मालक होतो असा निकाल दिला आणि काही वर्षं गोंधळ माजला; 2016 मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं तो निकाल चुकीचा ठरवला आणि डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खंडपीठाचं म्हणणं कायम केलं. हा शेवटचा निकाल 'कालनिर्णय'चे जयंत साळगावकर यांच्या पश्चात उभ्या राहिलेल्या दाव्यात आला. साळगावकरांनी मृत्युपत्र केलेलं होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे नॉमिनेशन आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळवून ठेवणं किती आवश्यक आहे ते कळतं. सोसायटीच्या फ्लॅटचंही तसंच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातल्या 2019 च्या दुरुस्तीनं नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरता सदस्य करून घेण्याची सोय केली. 'तात्पुरता' हा शब्द तिथे उगाच घातलेला नाही. अपवाद एकच मोठा: 2015 नंतरच्या विमा कायद्यात आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम खरोखर त्यांची होते. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. सोय चांगली आहे, पण मालकीचा प्रश्न तिनं सुटत नाही.

नोंद न करण्याची सवय शहरापुरती नाही. 2025 साली महसूल विभागाला राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम काढावी लागली. बुलढाण्यात सुरुवात झाली आणि 1 एप्रिलपासून ती सगळीकडे गेली. कारण एवढंच की सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं मेलेल्या खातेदारांची नावं तशीच होती. मयत आजोबांच्या नावावर पीककर्ज मिळत नाही, भूसंपादनाचा मोबदला अडकतो, पीकविम्याला खोळंबा होतो. ज्या जिवंतांची नावं होती त्यांच्याही नोंदी पाहण्यासारख्या असत: थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, आणि बहिणी गेल्या 'इतर हक्का'च्या रकान्यात. बँकांकडची गोष्ट निराळी नाही. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. मार्च 2024 अखेर त्या निधीत 78,213 कोटी रुपये होते. हे सगळेच पैसे मृतांचे नाहीत, पत्ता बदललेले आणि विसरभोळेही त्यात आहेत. पण शोध घेणाऱ्यांसाठी रिझर्व्ह बँकेला 2023 मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल उघडावं लागलं, यावरून घरच्यांना न सांगितलेल्या खात्यांचं प्रमाण लक्षात यावं.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. मृत्युपत्राचा पुरस्कार म्हणजे मुलींना बेदखल करण्याचं हत्यार बापाच्या हाती देणं आहे, असं स्त्रियांच्या मालमत्ता-हक्कावर काम करणारे अभ्यासक म्हणत आले आहेत. त्यात तथ्य आहे. महाराष्ट्रानं 1994 साली, म्हणजे केंद्राच्या अकरा वर्षं आधी, मुलींना सहदायादीत, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क असणाऱ्यांत, जागा दिली. तीही तो कायदा येण्याआधी लग्न झालेल्या मुली वगळून. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली, आणि ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं येतो, त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. इतक्या खटपटीनं मिळालेला मुलीचा हिस्सा बापाला काढून घेता येत नाही, पण कलम 30 मुळे स्वतःच्या हिश्श्यातून आणि स्वतःच्या कमाईतून तो तिला एका मृत्युपत्रानं वगळू शकतो. हे खरं असलं, तरी महाराष्ट्रात मुलींचा हक्क प्रत्यक्षात कुठे बुडतो ते पाहायला हवं. तो दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, हक्कसोडपत्रावर बुडतो. वडिलोपार्जित मिळकतीत बहिणीनं भावाच्या लाभात करून दिलेल्या हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क पाचशे रुपये. तेराव्यानंतर महिनाभरात कागद तयार असतो. 'माहेर तुटेल' ही भीती न बोलता पोचवली जाते. आणि पुढच्या भाऊबीजेला ओवाळणीचं ताट नेहमीसारखं सजतं. स्वेच्छेनं सोडणाऱ्या बहिणीही आहेत, त्यांच्या औदार्याबद्दल शंका नाही. पण जिथे नकार देता येत नाही तिथे स्वेच्छा कसली? मृत्युपत्रानं मुलीला वगळलं तर निदान ते बापाला स्वतःच्या सहीनं लिहून ठेवावं लागतं, आणि ते कोर्टात तपासलं जातं. संशयास्पद परिस्थितीत झालेल्या मृत्युपत्राबद्दलच्या शंका दूर करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयानं 1958 पासून सांगितलेलं आहे. उलट, ज्या बापाला मुलीला खरोखर द्यायचं आहे त्याच्यापाशी मृत्युपत्राइतकं भक्कम साधन नाही. ते त्यानं केलं की मुलीला भावांपुढे हात पसरावा लागत नाही आणि सोडण्याचा नैतिक दबावही कमी होतो, कारण मग ती वडिलांच्या इच्छेच्या बाजूनं उभी असते.

याहून चांगली वाट आपल्या शेजारीच आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा अजून चालू आहे आणि 2012 च्या गोवा उत्तराधिकार कायद्यानं तिला नवं रूप दिलं. तिथे मुलं असलेल्या माणसाला मृत्युपत्रानं आपल्या मिळकतीच्या अर्ध्याच भागाची मनासारखी विल्हेवाट लावता येते. उरलेला अर्धा मुलांचा, मुलगी आणि मुलगा सारखेच. शिवाय वेगळा करार नसेल तर लग्नानंतर दोघांची मिळकत सामायिक होते, त्यामुळे नवरा गेल्यावर अर्धं पत्नीचं असतंच, वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची. गोवेकराची गोव्याबाहेरची मिळकतही याच कायद्यानं वाटली जाईल, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये ठरवलं. तिथली 'इन्व्हेंटरी'ची, म्हणजे वारसांत मिळकत वाटण्याची, कामं वर्षानुवर्षं रेंगाळतात, एका घराला पन्नास हिस्सेदार होतात आणि घर ओस पडतं, ही तक्रार खरी आहे. तरीही इच्छास्वातंत्र्य आणि मुलांचा किमान हक्क यांचा मेळ कसा घालावा हे शिकायला मराठी माणसाला युरोपात जायची गरज नाही. महाराष्ट्रानं 1994 साली देशाच्या पुढे पाऊल टाकलं होतं; मृत्युपत्राच्या अधिकाराला गोव्यासारखी मर्यादा घालण्यातही ते टाकावं, असं माझं मत आहे.

'मुलींना जमीन दिली तर तुकडे पडतात' हा आक्षेप मात्र आकड्यांपुढे टिकत नाही. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी वहितीक्षेत्र 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होतं. 2000-01 मध्ये ते 1.66 वर आलं आणि 2015-16 मध्ये 1.34 वर. मोठी घसरण झाली ती मुलींच्या वाट्याला प्रत्यक्षात जवळजवळ काहीच येत नव्हतं त्या काळात. जमीन भावाभावांतच तुटत गेली, आणि बांधावरून डोकीही भावाभावांचीच फुटली. जमिनीचं सलग राहणं हे ज्याचं ध्येय आहे त्यानं मृत्युपत्रात एकाला जमीन आणि दुसऱ्याला किंवा दुसरीला तितक्या किमतीची ठेव, घर, दागिने असं लिहावं. न लिहिलेल्या वाटणीत असा हिशेब बसवता येत नाही. तिथे प्रत्येक गटात प्रत्येकाचा आणेवारी हिस्सा पडतो. बायकोच्या नावावर जमीन करण्याची कल्पनाही इथे परकी नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' या नावानं ती चळवळ म्हणून चालवली होती.

मग हयातीतच देऊन मोकळं का होऊ नये? पती-पत्नी, मुलं आणि नातवंडं यांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीसपत्रानं देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. त्यामुळे हा मार्ग लोकप्रिय होतो आहे आणि मला तो धोक्याचा वाटतो. 'नटसम्राट'मधले अप्पासाहेब बेलवलकर निवृत्त होताच सगळं मुलांना वाटून टाकतात. पुढची शोकांतिका आपण मुलांच्या कृतघ्नतेच्या खाती टाकतो. पण तहहयात राहण्याचा हक्क राखून ठेवणारी एक ओळ त्यांच्या कागदात असती तर दुसऱ्या अंकाला वेगळं वळण मिळालं असतं. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीस ती अट मोडल्यास रद्द करण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी म्हातारपणी प्रांताच्या कचेरीत पोटच्या मुलाविरुद्ध उभं राहावं लागतं. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतं. नोंदलेलं बक्षीसपत्र सहज परत घेता येत नाही.

'मृत्युपत्रानंच भांडणं लागतात' असंही म्हटलं जातं. लागतात. पण बहुधा ती मजकुरापेक्षा धक्क्यामुळे लागतात: वडील गेल्यावर कपाटातून निघालेला, कुणाला न सांगितलेला कागद. एकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त द्यायचं असेल तर त्याचं कारण त्याच कागदात लिहावं आणि जमल्यास जिवंतपणी बोलून ठेवावं. मुंबईत प्रोबेटच्या, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याच्या, सक्तीमुळे मृत्युपत्र म्हणजे हायकोर्टाच्या खेपा असं समीकरण झालं होतं. ती सक्ती संसदेनं डिसेंबर 2025 मध्ये रद्द केली, तेव्हा तीही सबब उरली नाही. मृत्युपत्र नसेल तर काय होतं? ठेवी आणि शेअरसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र, स्थावरासाठी वारस दाखला, आणि हा दाखला आपल्याकडे अजूनही 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतरच्या नवव्या वर्षीच्या नियमानं. मुलगा न्यू जर्सीत आणि मुलगी मेलबर्नला असेल तर या खेपा कोण घालणार? अशा घरांत कुलमुखत्यारपत्र करून निश्चिंत राहतात. पण करून देणारा गेला त्या क्षणी ते निकामी होतं. परदेशस्थ मुलांना शेतजमीन वारशानं मिळू शकते, विकत घेता येत नाही. फ्लॅट विकून आलेला पैसा एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतो, मात्र मालकीचा स्वच्छ कागद असेल तर. 1985 साली मालमत्ता शुल्क (इस्टेट ड्यूटी) रद्द झाल्यापासून आपल्याकडे वारशावर कर नाही. अडवणूक होते ती कागदांची.

वारसा म्हणजे फक्त मुलंबाळं, हेही गृहीत धरायला नको. सर दोराबजी टाटांना अपत्य नव्हतं. 1932 साली, मृत्यूच्या काही महिने आधी, त्यांनी आपली जवळजवळ सगळी संपत्ती विश्वस्त निधीत घातली आणि तिचा विनियोग स्थळ, राष्ट्र किंवा धर्म न पाहता करावा असं लिहून ठेवलं. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय आणि टाटा समाजविज्ञान संस्था त्यातून उभी राहिली. रक्कम मोठी होती हे खरं, पण हेतू नेमका आणि वापर मोकळा ठेवणारा मसुदा नसता तर एवढा पैसाही वकिलांच्या बिलांत मुरला असता. गावच्या वाचनालयाला दोन लाख ठेवणाऱ्या निवृत्त शिक्षकालाही तोच नियम लागू आहे: संस्थेचं नोंदणीकृत नाव, रक्कम आणि कशासाठी ते स्पष्ट लिहा. 'चांगल्या कार्यासाठी' इतकंच लिहिलं तर ते कार्य कोणतं हे ठरवायला भाचे-पुतणे बसतील.

म्हणून या दिवाळीत नवरा-बायकोनं दोन वेगळे कागद घ्यावेत आणि दोन वेगळी मृत्युपत्रं लिहावीत. कुणाला काय, आपल्यामागे जोडीदार कुठे आणि कशावर राहील, कागद कुठे ठेवले आहेत आणि अंमलबजावणी कोण करील, एवढं त्यात असलं तरी पुरे. ते करणाऱ्याची सही हवी आणि ती पाहून सही करणारे दोन साक्षीदार हवेत. साक्षीदार शक्यतो आपल्याहून वयानं लहान आणि वाटणीत नसलेले असावेत. म्हातारपणी लिहिलं तर त्या दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं. मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्यावी. शुल्क शंभर रुपये आहे.